संत्र्याचा पाक

वहिनी संत्र्याची साल किसत होती. पांढरा भाग आला की पाक कडू होतो, म्हणून अगदी हलक्या हाताने. संध्याकाळी दादाचे मित्र येणार होते. ते सोबत जिन आणणार आणि वहिनीच्या या संत्रा-लिंबाच्या पाकात मिसळून पिणार, असं ठरलं होतं. दादाला दारू सोडून आठ महिने झाले होते, आणि मित्रांना बोलवायचा हट्ट त्याचाच होता.

"नाही म्हणायचंस ना," मी म्हणाले.

"किती दिवस म्हणू? माणूस काय घरात कोंडून ठेवायचा?"

विश्वास एकदा टाकला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण तो रोज नव्याने टाकावा लागतो.

मित्र आले. एकाने जुन्या सवयीने सगळ्यांच्या ग्लासांत जिन ओतली, दादाच्याही. पाकाची बाटली घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. खोलीतलं हसणं थांबलं. दादाने ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. मला वहिनीकडे बघवेना.

मग त्याने ग्लास मित्रापुढे सरकवला. "हा तूच घे." आणि वहिनीकडे हात केला, "आण ती बाटली."

वहिनीने बाटली त्याच्याकडे दिलीच नाही. दुसरा ग्लास घेऊन तिने स्वतःच पाक ओतला, वर सोडा घातला आणि त्याच्या शेजारी बसली. मित्र जाईपर्यंत ती तिथून उठली नाही.