शिवणाऱ्याला हलवायचं नाही

माझी वहिनी मनुबाई हट्टी आहे, हे आमच्या दिघीच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा. लिलावात तिने भाव बोलला की बोलला. पण तो हट्ट एक दिवस तिच्याच जिवावर उठेल असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी न्हाणीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "नीरा, जरा हात लाव इथं." डाव्या स्तनात काजूच्या बीएवढी टणक गाठ लागली. दुखत नव्हती म्हणे. मी मात्र ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिला फेरीने आगरदांड्याला आणि तिथून एसटीने अलिबागला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली, मग कामधंदा विचारला. वहिनी म्हणाली, मासळी विकते, सुकवते, आणि पावसाळ्यात होडी वर ओढली की तिच्या बुडाला लावायला डांबर उकळते. लाकडं ओली असतात, म्हणून चुलीत जुने टायर आणि फाटकी नायलॉनची जाळी घालायची. काळा धूर अंगावर घेत तासन् तास ढवळत बसायचं.

"याच धुराने गाठ झाली असं मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण असल्या धुरातली विषं स्तनाच्या पेशींपर्यंत पोचतात. पेशीने कसं वागायचं हे ठरवणारा एक धागा तिच्या आत असतो, तो तुटतो. तुटला की पेशी वाढायची थांबते, धागा दुरुस्त करते. नाहीच जमलं तर आपणहून मरते." आणि हे सगळं फसलं तर काय होतं, सुईने तुकडा काढून का तपासायचा, तेही त्यांनी सांगितलं. पण तोवर वहिनीचे कान मिटले होते.

घरी येऊन तिने सांगून टाकलं, "सुई न्हाय टोचून घ्यायची. आत दुरुस्ती चाललीय. माणूस जाळं शिवायला बसलं की जाळ्याला कोण हात लावतंय काय?"

आमच्याकडे खरंच कुणी लावत नाही. माझा भाऊ बाबाजी सुई-दोरा घेऊन बसला की पोरंसुद्धा वळसा घालून जातात. पण म्हणून काय अंगातल्या गाठीला तोच कायदा? मी भांडले, अबोला धरला, बाबाजीला बोल बोल बोलले. तो बापडा तिच्यापुढे काय बोलणार! त्या पावसाळ्यात तिने टायर पेटवला नाही, एवढंच केलं. मला आत बोलावून अधूनमधून विचारायची, "बारीक झाली का गं?" झाली नव्हती. वाढत होती, आणि मी ते तोंडावर सांगायची.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास काखेत दुसरी गाठ आली. ती तिने लपवली. वहिनी ब्लाऊज घालत असताना तिच्या लेकीने, प्राप्तीने, ती पाहिली आणि धावत माझ्याकडे आली. मी तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि वहिनीच्या कानाशी धरला.

"मनुबाई," बाई म्हणाल्या, "दुरुस्ती करणाऱ्या पेशींची अशी गाठ होत नाही. धागा तुटूनही ज्या थांबल्या नाहीत, वाढतच राहिल्या, त्यांची होते."

"म्हंजी आत कोण शिवतच न्हाय?"

"या गाठीत तरी नाही."

वहिनीने फोन माझ्या हातात परत दिला. मला राग येत होता आणि तिची कीवही येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीला ती आमच्याआधी धक्क्यावर उभी होती.

सुई टोचली, रिपोर्ट आला. कॅन्सर होता, काखेतही पोचला होता. इलाज आहे, पण लांबचा आहे, बाई म्हणाल्या. ऑपरेशन, मग औषधं. मला वाटलं वहिनी आता स्वतःचं विचारेल, वाचेन का म्हणून. तिने प्राप्तीचं मनगट धरलं आणि तिला पुढे ओढलं.

"बाई, आधी हिला बघा. डांबर ढवळायला मी माझ्यासंगं हिलाबी बसवायची. एवढीशी होती तवापासून."

प्राप्ती पडद्याआड गेली. वहिनी पडद्याकडे बघत उभी होती आणि मी बस म्हटलं तरी बसत नव्हती.