दुखतंय म्हटलं तर लाडू, भांग म्हटलं तर बैठक

या ब्लॉगवर मी एरवी किल्ले आणि घाट लिहिते. या वेळचा प्रवास बार्शी ते सोलापूर, जेमतेम सत्तर किलोमीटर. तो मी रागात लिहिते आहे, तेव्हा फोटोंची अपेक्षा ठेवू नका.

माझी धाकटी बहीण मनीषा बार्शीजवळच्या एका गावात दिलेली. घरीच मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवते. शिवायची, म्हणायला हवं. अकरा महिन्यांपूर्वी बाळंत झाली, खाली टाके पडले, आणि तेव्हापासून तिला धड बसता येत नाही. मशीनवर चादर पडली आहे. 'दुखतंय' म्हटलं की डिंकाचे लाडू आले. पुन्हा म्हटलं की शेक-शेगडी. दवाखान्यात गेली, तर न तपासताच "एवढं व्हायचंच" म्हणून गोळ्यांचं पाकीट हातात दिलं.

मग तिने मोबाईलवर विजयाच्या औषधाची जाहिरात पाहिली. विजया म्हणजे भांग. मी चौकशी केली. गांजा आणि चरस कायद्याने बंद आहेत, पण भांगेच्या पानांपासून केलेली परवानाधारक आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळू शकतात. सोलापुरात स्त्रीरोग बघणाऱ्या एक वैद्यबाई असं औषध लिहून देतात, असंही कळलं.

मनीषाने हे घरात सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. अकरा महिने तिच्या दुखण्यावर कुणी दोन मिनिटं बसलं नव्हतं. "सून गांजा वडाय लागली म्हनतील लोक," सासरे गरजले. हे सासरे दर शिवरात्रीला देवळामागे भांग घोटतात, देवाचा प्रसाद म्हणून. सासूबाईंनी आतून टोमणा मारला, "आमी काय बाळंत झालो न्हाय व्हय? असं दुखणं मिरवलं न्हाय कुणी."

मनीषाने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, उद्या सकाळी बार्शी स्टँडवर ये, बाळाला घेऊन.

सव्वासातची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारने भाडं अर्धं केलं, दुखणं मात्र पुरतंच ठेवलं. तुमच्याबरोबर असं दुखणं असलेली बाई असेल तर मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, मधली धरा. दोन टॉवेल गुंडाळून मांड्यांखाली घातले की मधली जागा टेकत नाही. ही युक्ती मनीषाची. वाटेतलं वैराग गाव येईपर्यंत ती प्रत्येक गतिरोधकाला दांडा धरून अर्धी उभी राहत होती. पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "उतरायचंय का वो?" मनीषा म्हणाली, "न्हाय, आसंच बरं वाटतंय."

सोलापुरात स्टँडजवळच्या खानावळीत आधी जेवून घेतलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. चटणी अशी की मी दोनदा मागून घेतली. मनीषा ताट हातात घेऊन भिंतीशी उभी राहून जेवली. वाढणारा सारखा म्हणत होता, "बसा की ताई, लई जागा हाय." तिने त्याला हसून दाखवलं.

वैद्यबाईंचा दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगावर पाजता?"

"व्हय."

"मग हे औषध मी देणार नाही. दुधातून बाळाला जातं."

मी भांडायच्या तयारीनेच उठले. तेवढ्यात त्या मनीषाला म्हणाल्या, "आत या. नेमकं कुठं दुखतं ते दाखवा."

मनीषाने बाळ माझ्याकडे दिलं आणि आत गेली. अकरा महिन्यांत हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

तपासून झाल्यावर बाईंनी सांगितलं की टाके नीट भरले नाहीत, एका जागी गाठ धरली आहे आणि आतले स्नायू आखडलेत. यावर इलाज आहे. पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या आहेत, व्यायाम आहेत. त्यांनी गायनॅकच्या नावाने चिठ्ठी दिली. मनीषा जिना उतरताना म्हणाली, "अक्का, मी असला टाका घातला असता, तर गिऱ्हाइकानं कापड तोंडावर फेकलं असतं." मग रस्त्यातच रडायला लागली.

परतीच्या गाडीत मी भाषण तयार केलं. सासूबाईंसाठी, एकेक शब्द पारखून.

घरी पोचताच सासऱ्यांनी विचारलं, "दिली का भांग?"

"न्हाय दिली," मनीषा म्हणाली.

"ब्येस झालं," म्हणून ते चप्पल घालून बाहेर पडले. बाकी काय झालं, विचारलंच नाही.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चहा टाकत होत्या, पाठ माझ्याकडे. मी "मावशी, अकरा महिने..." एवढंच म्हटलं. मागे न वळता त्या म्हणाल्या, "ती बाई म्हाताऱ्यांचंबी बघती का?"

"कुणाचं दाखवायचंय?"

"माजंच. धाकल्याच्या वक्तापास्नं दुखतंय."

धाकटा म्हणजे मनीषाचा दीर. बत्तीस वर्षांचा आहे. भाषण तोंडातच राहिलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मीसुद्धा विचारायला नाही, भांडायला गेले होते.

आता दीड महिना झाला. मनीषा वीस मिनिटं बसते आणि मशीनवरची चादर काढली आहे. माझा राग उतरलेला नाही, उतरू नये असंच वाटतं. मंगळवारी पुन्हा सव्वासातची एसटी, मनीषा आणि सासूबाई दोघींना घेऊन. मधली सीट धरायची आहे आणि टॉवेल चार लागतील.