अम्मानच्या फाटकातला सोलापुरी नळ

सोलापुरातून निघताना मला विमानाची भीती नव्हती, परक्या देशाचीही नव्हती. काळजी एकच होती. शुक्रवारी आमच्या गल्लीत नळ येणार होता आणि घरात माणूस उरणार होतं ते म्हणजे आमचे हे. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने नळाच्या खड्ड्यात एकदाही पाय घातलेला नाही.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या. तेही जोर नसलेलं. म्हणून दारापुढे कमरेइतका खड्डा काढून नळ त्याच्या तळाशी बसवलाय. वरच्या नळाला ठणठणाट असला तरी खड्ड्यात करंगळीएवढी धार पडतेच. आपण खड्ड्यात उतरायचं, कळशी भरायची आणि वर द्यायची. गल्लीत घरोघरी हेच. माझी लेक रूपा कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणी यायच्या असल्या की खड्ड्यावर फळी टाकायची आणि फळीवर शेवंतीच्या कुंड्या मांडायची. "लाज वाटते गं आई," म्हणायची. मला असा राग यायचा! त्याच खड्ड्यातल्या पाण्याने तिला लहानाची मोठी केली होती.

"जा तू निवांत. मला काय नळ भरता येत न्हाय व्हय?" हे म्हणाले.

"येतं की. नुसतं बघत उभं राहायला तर लई चांगलं येतं," मी म्हणाले आणि हंड्यांवर झाकणं ठेवून बॅग उचलली.

बॅगेत कडक भाकरी, शेंगाची चटणी, डिंकाचे लाडू, वेखंड, बाळंतशोपा आणि अर्धा डझन सोलापुरी टॉवेल. रूपाला नववा लागत होता. जावई महेशराव जॉर्डन देशात, अम्मान शहराजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात साहेब आहेत. डॉक्टरांनी रूपाला विमानप्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं.

दुबईला विमान बदललं आणि दुपारी अम्मान आलं. वरून बघते तर उघडेबोडके डोंगर, सांगोल्याकडच्या माळासारखे, आणि त्यांवर एकाला एक लागून पांढऱ्या दगडाची घरं. विमान खाली आलं तसं गच्च्या दिसायला लागल्या. प्रत्येक गच्चीवर टाक्या. दोन, चार, सहा. शेजारी बसलेली बाई डोंगर बघत होती, मी टाक्या मोजत होते. ज्या गावात एवढ्या टाक्या, त्या गावात पाण्याची बोंब, हे मला कुणी सांगायला नको होतं. खरं सांगते, जीव जरा रमलाच.

रूपाचं घर चढावर, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रस्ता खाली, फाटक रस्त्याला लागून, आणि फाटकापासून वीसेक पायऱ्या चढल्या की इमारत. पोट सांभाळत दारात उभी राहून रूपाने पाया पडण्याआधी पहिली सूचना केली, "आई, इथं पाणी आठवड्यातून एकदाच येतं. मंगळवारी. गच्चीवर आपल्या दोन टाक्या आहेत, त्यावर आठ दिवस काढायचे. जपून."

"मला सांगतेस?" मी म्हणाले.

तिथले लोक पाण्याच्या पाळीला 'दोर' म्हणतात. मंगळवारी दोर आला की सगळ्या इमारतीत धुण्याची यंत्रं एकदम सुरू. बायका जिने धुतात, गालिचे धुतात, गच्च्या कपड्यांनी भरून जातात. आमच्या गल्लीत नळ येतो त्या दिवशीची लगबग इथे डोळ्यांसमोर बघून मला हसूच आलं. चवथ्या दिवशी मी शेजारणींच्या बरोबरीने जिना घासत होते. भाषा येत नव्हती, पण झाडू धरणाऱ्या बाईला ती फारशी लागत नाही.

घरमालक अबू नबील तळमजल्यावर राहत. सत्तरीचे, भुवया दाट, हातात कायम जपमाळ. पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात शिकलेले, त्यामुळे मोडकं हिंदी आणि एकुलतं एक मराठी वाक्य त्यांना येत होतं. मी दिसले की म्हणायचे, "कसं काय, बरं हाय?" सकाळी त्यांच्या अंगणात 'शाय बिन्नाना' (पुदिन्याचा काळा चहा) मिळायचा. सोबत 'खुब्ज' (तिथली पातळ पोळी) आणि तेलात कालवलेलं 'ज़ातर' (तीळ आणि रानपाल्याची चटणी). मी एकदा त्यांना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली. भाकरी त्यांनी दाताने तोडायचा प्रयत्न केला, नंतर चहात बुडवली. चटणी मात्र बोटाने पुसून खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, रूपाला कळा सुरू झाल्या. सोमवारी सकाळी मुलगी झाली. काळंभोर जावळ आणि आवाज असा की दवाखान्याच्या जिन्यापर्यंत ऐकू यावा. गुरुवारी सकाळी घरी सोडणार होते. मी मंगळवारी पहाटे घरी परतले, कारण मंगळवार म्हणजे दोर.

आता माझा पराक्रम ऐका. सकाळी सातला स्वयंपाकघरातला खालचा नळ सुस्कारायला लागला. या नळाला टाकीचं पाणी यायचं नाही, थेट रस्त्याच्या लाइनचं यायचं. आमच्याकडे नळ सुस्कारला की पाव तासात पाणी, हे मी बत्तीस वर्षं बघत आलेय. आणि नळ आला की घरातलं शिळं पाणी ओतून, भांडी घासून, ताजं भरायचं, ही आमची रीत. त्यात बाळंतीण आणि बाळ घरी यायचं. शिळ्या पाण्यात माझ्या नातीचं न्हाणं? छे. मी गच्चीवर गेले, दोन्ही टाक्यांचे तळाचे बूच काढले, हात घालून आतून घासल्या. जवळजवळ अर्ध्या भरलेल्या होत्या. ते सगळं पाणी मी जिन्यावरून सोडून दिलं आणि जिनाही लख्ख केला. घरातल्या बादल्याही उपड्या केल्या. मग पदर खोचून नळाची वाट बघत बसले.

आठ वाजले, नऊ वाजले. नळाचा सुस्कारा बारीक झाला, पण पाण्याचा थेंब नाही. जिन्यात बायका एकमेकींना सांगत होत्या, "मा फी मय्या" (पाणी नाही). खाली गेले तर अबू नबील कपाळाला हात लावून बसलेले.

"बहनजी, बड़ा पाइप फूटा. प्रेशर नहीं. पानी ऊपर नहीं चढ़ेगा. टँकर शनिवार."

"आणि पुढचा दोर?"

"मंगलवार."

बाकीच्यांच्या टाक्यांत तळाला थोडं तरी होतं. कोरडी ठाक टाकी फक्त माझ्या लेकीची होती, आणि ती मी माझ्या हाताने केली होती.

फोनवर महेशरावांना सांगितलं. फोन रूपाने घेतला. "आई, बाळ घरी यायचंय आणि तू टाकी ओतलीस? अगं, पाणी हातात पडायच्या आधीच?" तिच्या आवाजात रडू होतं. मग महेशरावच म्हणाले, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्या एका मित्राचं घर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. गुरुवारी दवाखान्यातून थेट तिकडेच जाऊ. त्यांच्याकडे पाणी भरपूर आहे. पंधरा दिवस राहू."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. पण परक्या घरात मी पाहुणी. तिथे कुठला पाट आणि कुठली धुरी? नातीला पायांवर घेऊन पहिलं न्हाऊ घालायला मी समुद्र ओलांडून आले होते आणि माझ्याच शहाणपणामुळे ते हातचं जात होतं. तो सगळा दिवस मी एकटीने स्वतःला शिव्या दिल्या, सोलापुरी.

बुधवारी पहाटे तो सुस्कारा पुन्हा ऐकला आणि मी उठून बसले. नळातून वारा येतो म्हणजे मागून त्याला कुणीतरी ढकलत असणार. ते ढकलणारं पाणीच. त्याला चार मजले चढायची ताकद नसेल, पण उताराला यायला ताकद कशाला लागते? मी पायऱ्या उतरून फाटकापाशी गेले. भिंतीतल्या कोनाड्यात मीटर होतं. कान लावला तर आत खुळखुळ चालली होती.

अबू नबीलना उठवलं. राखणदार महमूद, इजिप्तचा धिप्पाड गडी, पाना घेऊन आला. मीटरच्या पुढचा पाइप आपल्याच इमारतीचा, तो सोडवा, असं मी हातवारे करून सांगितलं. सोडवला. वाऱ्याची फुंकर आली, पाणी नाही. कोनाडा होता छातीच्या उंचीला.

"देखा?" अबू नबील म्हणाले. "मैं यहाँ चालीस साल से रहता हूँ."

"और मैं साठ साल से सोलापुर में रहती हूँ," मी म्हणाले. "गड्ढा खोदो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. फाटकाच्या आत त्यांचा गुलाबाचा वाफा होता, रस्त्यापेक्षाही थोडा खोलगट. मी बोट दाखवलं ते नेमकं तिथेच. म्हातारा गुलाबांकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मग मी म्हणाले, "बच्ची कल आएगी." त्यांनी जपमाळ खिशात टाकली आणि महमूदला म्हणाले, "यल्ला" (चल, लाग कामाला).

महमूदने दोन रोपं अलगद काढून बाजूला ठेवली आणि कमरेइतका खड्डा खोदला. मीटरला रबरी नळी जोडली, नळीचं तोंड खड्ड्याच्या तळाशी नेलं. मी लुगडं खोचलं आणि खाली उतरले. वरून सहा-सात शेजारी वाकून बघत होते. मनातल्या मनात मी आमच्या सिद्धरामेश्वराला म्हणाले, देवा, आज माझी लाज राख, पुन्हा असा आगाऊपणा करणार नाही.

नळी आधी फुसफुसली. मग खोकली, तांबूस चूळ टाकली. मग गप्प. आणि मग माझ्या तळहातावर करंगळीएवढी, अगदी आमच्या दारातल्यासारखी, थंडगार धार पडली.

"मय्या!" वरून कुणीतरी ओरडलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पहिली तांबूस बादली गुलाबांना दिली. तोवर फाटकाशी बादल्या, पातेली, डबे घेऊन अख्खी इमारत जमली होती आणि ढकलाढकली चालू झाली होती. हे मात्र माझं रोजचं काम. मी खड्ड्यातूनच हात वर केला. एक घर, एक बादली, मग दुसरी फेरी. नंबर माणसाने नाही, बादलीने लावायचा. ज्यांच्या घरी तान्हं मूल त्यांना एक जास्त. चौथ्या मजल्यावरचा एक बाप्या दोन बादल्या घेऊन मध्ये घुसला तेव्हा मी त्याला शुद्ध मराठीत झापलं, "ए बाबा, माघारी हो की!" तो मुकाट्याने मागे गेला. अबू नबील ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "उम्म रूपा" (रूपाची आई). दुपारपर्यंत माझं नाव तेच पडलं.

संध्याकाळपर्यंत धार चालली. महमूद आणि दोघा शेजाऱ्यांनी आमचं पाणी खांद्यावरून गच्चीवर नेऊन टाकीत ओतलं. मी महेशरावांना फोन केला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "उद्या घरी या. एक टाकी भरलीय."

गुरुवारी रूपा फाटकातून आत आली आणि थबकली. वाफ्यात खड्डा, खड्ड्यात नळी, शेजारी उपडी बादली. तिने खड्ड्याकडे बघितलं, माझ्या चिखलाने माखलेल्या पायांकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "इथंही?" आणि हसता हसता रडायला लागली.

त्याच सकाळी मी पाटावर बसले, पाय पसरले, तेल लावलं आणि निवळलेल्या, उकळून कोमट केलेल्या त्या पाण्याने नातीला न्हाऊ घातलं. आधी किंचाळली, मग पाण्याच्या उबेने शांत झाली. अबू नबीलच्या घरून वाटी आली, 'कराविया' (शहाजिऱ्याची खीर, वरून अक्रोड, तिथे बाळ झालं की घरोघरी वाटतात). मी वाटी रिकामी पाठवली नाही, डिंकाचे दोन लाडू घालून दिले.

दोन महिन्यांनी परत आले तो आमचा नळाचाच दिवस होता. गल्लीत नळ सुस्कारत होते. हे हंडा उचलून मोरीत ओतायच्या बेतात.

"थांबा. ओतू नका."

"शिळं हाय की ते."

"असू द्या. आधी पाणी हातावर पडू द्या."

यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. मी प्रवासातल्या साडीनिशीच खड्ड्यात उतरले. तेवढ्यात रूपाचा व्हिडिओ कॉल आला. यांनी फोन माझ्यासमोर धरला. मंगळवार होता, म्हणजे तिच्याकडेही दोर. बाळाला खांद्याशी धरून ती फाटकाशी उभी होती. खड्ड्याला आता सिमेंटचा काठ आणि लोखंडी झाकण, दोन्ही बाजूंना गुलाब. महेशरावांच्या कारखान्यातल्या दोघी-तिघी मराठी बायका बघायला आल्या होत्या. रूपाने बाळ त्यांतल्या एकीकडे दिलं, स्वतःच्या हाताने झाकण सरकवलं आणि फोन त्यांच्याकडे फिरवला.

"ही माझी आई," ती त्यांना सांगत होती, "आणि तो बघा, आमचा सोलापूरचा खड्डा."

मी खड्ड्यातूनच हात हलवला. खाली करंगळीएवढी धार सुरू झाली होती. मी कळशी तिच्याखाली धरली.