स्टिअरिंगवरची देवी

गेल्या मंगळवारी मी एक स्टीलची वाटी कडुलिंबाच्या शेंड्यावरून वर जाताना पाहिली. कानात अजून बारीक शिट्टी वाजते आहे. म्हणून योगिनीबद्दल लिहायला बसलो.

योगिनी आणि मी पाचवीपासून एका वर्गात. मी मराठीत एम. ए. केलं. तिने सातपूरच्या आयटीआयमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकून घेतलं. पाथर्डी फाट्याजवळ तिचं स्वतःचं गॅरेज आहे. नवं गिऱ्हाईक येतं, विचारतं, "मिस्त्री कुठे आहेत?" गाडीखालून आवाज येतो, "इथे." गिऱ्हाईक वाकून बघतं. मग बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचतं. हे बघायला मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम तिच्याकडे चहाला जातो.

मंगळवारी मला सुट्टी होती. दहा वाजता एक पांढरी गाडी आत आली. देवळ्याच्या सिंधुबाई उतरल्या. पंचावन्नच्या असतील. उंची बेताची, म्हणून पाठीशी दोन उशा. कांद्याचा व्यवहार त्याच बघतात. गाडी पन्नाशीत शिकल्या.

"पोरी, हा बघ," त्यांनी समोरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. "पोटात गोळा आलेला माणूस. चार दिवस झाले, जात नाय."

"मावशी, तो गोळा म्हणजे एअरबॅग. दिवा जळत राहिला तर धडकेच्या वेळी ती फुगणार नाही."

"मंग कर लवकर. पेठला जायचंय. माझी स्नेहल तिथं मास्तरीण हे. सातवा लागलाय, तिला घरी आणायचीय. सावळघाटातून यायचं. हे नीट झाल्याबिगर मी पोरीला शेजारी बसवायची नाय."

योगिनीने दार उघडलं आणि थबकली. स्टिअरिंगच्या बरोबर मधोमध पितळी देवी बसवलेली होती. सप्तशृंगीची. तळहाताएवढी, कुंकू लावलेली.

"ही कोणी चिकटवली?"

"मीच. दसऱ्याला. ओटी भरून बसवली."

योगिनीने देवीच्या कडेने हॉर्न दाबून पाहिला. आवाज नाही.

"हॉर्न कधीपासून बंद आहे?"

"मला काय म्हाईत? मी वाजवतच नाय. देवीला धपाटा कसा घालू?"

मी हसलो. योगिनी हसली नाही.

"आत एक चपटी वायर गुंडाळलेली असते. चाक फिरलं की ती उलगडते, मिटते. ती तुटली असणार. हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही तिच्यावरच चालतात. ती बदलून देते. पण देवी इथे असताना एअरबॅग चालू करणार नाही."

"का?"

"बॅग हेच झाकण फोडून बाहेर येते. देवी तुमच्या तोंडावर बसेल."

सिंधुबाईंचा आवाज चढला. "आई माझ्या तोंडावर कशाला मारील? फाट्यावर दुसरे मिस्त्री हायेत."

"आहेत ना. ते दिव्याची वायर काढून देतील. दिवा विझेल. स्नेहलला बसवा मग."

सिंधुबाई किल्ली मुठीत धरून उभ्या राहिल्या. गेल्या मात्र नाहीत.

"पाच मिनिटं द्या, मावशी," योगिनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "शेखर, माझ्या डब्यातली वाटी धुऊन आण."

गॅरेजमागे मोकळा प्लॉट आहे. अपघातातल्या गाडीची एक न फुटलेली एअरबॅग तिच्याकडे पडून होती. अशी बॅग भंगारात देण्याआधी फोडावी लागते. तिने जुने टायर एकावर एक रचले, त्यात ती तोंड वर करून बसवली. त्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने वाटी चिकटवली. लांब वायर एका बॅटरीपर्यंत ओढली. आम्हाला भिंतीआड उभं केलं.

"कान झाका."

सिंधुबाईंनी झाकले. मी मनात उपमा शोधत होतो.

उपमा सापडली नाही. आवाज झाला. कावळे उडाले. वाटी कडुलिंबाच्या वर गेली, दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळाने शेजारच्या पत्र्यावर आदळली. योगिनी जाऊन घेऊन आली. वाटी करंजीसारखी दुमडली होती.

सिंधुबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. मग स्वतःचं नाक चाचपलं.

"एवढ्या जोरात?"

"पापणी लवायच्या आत. तुम्ही तर अगदी पुढे सरकून बसता."

मी काहीतरी बोललो म्हणे. कानातल्या शिट्टीत मलाच ऐकू आलं नाही.

सिंधुबाई आता हळू बोलत होत्या. "पर बसवलेली देवी अशी ओरबाडून काढत नसतात, पोरी."

"ओरबाडतंय कोण? गणपतीला हलवतो तसंच. आधी उत्तरपूजा. अक्षता टाका, जागची जराशी हलवा. पुढचं मी बघते."

"तांदूळ हे तुझ्याकडं?"

होते. भिजलेले रिमोट सुकवायला तिने बरणीभर ठेवलेले असतात. कुंकू सिंधुबाईंच्या पिशवीत होतं.

योगिनीने बॅटरीची वायर काढली. "आता दहा मिनिटं स्टिअरिंगला कोणी हात लावायचा नाही. आतला करंट उतरू दे. तोवर पूजा. अक्षता लांबून."

"मंत्र कोण म्हणणार?"

"हा आहे ना, एम. ए. झालेला."

"मला अलंकार येतात," मी म्हणालो.

"तुझं राहू दे, बाबा." सिंधुबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "आई, इथून ऊठ. तुला धक्का नको, मला नको, माझ्या लेकीला नको."

दहा मिनिटं झाल्यावर त्यांनीच देवी बोटभर हलवायला हात लावला. ती हलेना. पट्टी पक्की होती. मग योगिनीने मागून पतंगाचा साधा दोरा घातला आणि करवतीसारखा ओढला. देवी अलगद सिंधुबाईंच्या ओंजळीत आली. झाकणावर ओरखडासुद्धा नाही.

पुढचं काम मी खुर्चीत बसून पाहिलं. एअरबॅग निघाली, टेबलावर तोंड वर करून ठेवली. चाक निघालं. आतली वायर खरंच तुटलेली होती. नवी बसली. सगळं पुन्हा जोडल्यावर योगिनीने किल्ली फिरवली. लाल माणूस पेटला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो विझला.

"गेला गोळा!" सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी देवी डॅशबोर्डवर ठेवायला हात पुढे केला.

"मावशी, तिथेही एक बॅग आहे. स्नेहलच्या समोरची."

"तिथं बी? मंग आईनं बसायचं कुठं?"

सिंधुबाईंनी गाडीभर नजर फिरवली. मग दोन सीटांच्या मधला डबा उघडला, त्यातली सुटी नाणी काढली, रुमाल अंथरला, देवी ठेवली आणि झाकण लावलं.

"कोपराशी असू दे. वेगात गेले तर ढोसेल."

त्या सीटवर बसल्या. योगिनीने सीट थोडी मागे सरकवली, पट्टा लावला. सिंधुबाईंनी चाकाच्या मधोमध तळहात ठेवला. दाबायला धजेनात. रिकाम्या जागेला एकदा नमस्कार केला.

मग दाबला.

पेठ रोडला लागेपर्यंत त्या हॉर्न वाजवतच गेल्या असणार. फाट्यापर्यंत तरी आम्हाला ऐकू येत होतं.

"वाटी तू आणून दिलीस, आता नवी तूच भरून दे," योगिनी मला म्हणाली.