दुसरी हलगी

फोन आला तेव्हा माझ्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू होता. मिलिंदच्या घरचा नंबर दिसला आणि मी आधी चिडलोच. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि पहिला फोन त्यानंच करायचा असं मी मनाशी धरून बसलो होतो. हात पुसला, फोन उचलला आणि समोरचं काही ऐकून न घेता म्हणालो, "झाली का आठवण?" पलीकडून मिलिंदच्या वडिलांचा, गुरुजींचा आवाज आला. "इकबाल, मी बोलतोय. मिलिंद गेला." कावीळ झालीय, पथ्यावर आहे, एवढं कुणाकडून तरी कानावर आलं होतं. जाऊन येऊ, असं म्हणत होतो. जायच्या आधी दोनचार दिवस त्याला अजून ताणू, असंही मनात होतं. आता ते लपवून काय करू? तेहेतीस वर्षांचा माणूस कावीळ अंगावर काढून जातो, आणि त्याचा तीस वर्षांपासूनचा दोस्त रुसून बसलेला असतो. दोघंही सारखेच शहाणे.

मिलिंद काय करायचा हे आमच्या उचगावात पाच जणांनाही धड सांगता आलं नसतं. कुणाला तो कॅसेटवाला वाटायचा, कुणाला ऑर्केस्ट्रातला पेटीवाला. तो हिपहॉपची गाणी बनवायचा. म्हणजे शब्द माझे, आवाज माझा, आणि त्याच्याखाली जे काही धडधडतं, वाजतं, थांबतं ते सगळं त्याचं. आमच्यात हे कुठून आलं, तर माझा चुलतभाऊ आखातातून दोन कॅसेट लावायचा टेपरेकॉर्डर घेऊन आला, त्यातून. सोबत परदेशी बोलगाण्यांच्या चारपाच कॅसेटी होत्या. आम्ही नववीत होतो. इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही, पण कुणीतरी कुणाला तरी रोखठोक सुनावतोय एवढं कळत होतं, आणि ते कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मिलिंदनं आठवडाभरात त्या टेपरेकॉर्डरचा कारखाना केला. एका कॅसेटमधला दोन सेकंदांचा ढोलाचा तुकडा दुसरीवर उतरवायचा, पॉजचं बटण दाबायचं, मागं यायचं, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा बटण. चार मिनिटांच्या तालाला अख्खा रविवार जायचा. बटण तुटलं तेव्हा त्यानं माझ्या वडिलांच्या शिवणयंत्राची स्प्रिंग काढून बसवली. मार मला पडला.

पुढं तो शहरातल्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानात कामाला लागला. गणपतीची गाणी, जयंतीची गाणी, लग्नाच्या बँडचे ट्रॅक, जे येईल ते. एका साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्यानं एका पॅनेलसाठी माझ्याकडून रॅप म्हणवून घेतला होता. कोल्हापुरात लोकांनी ऐकलेला पहिला मराठी रॅप रिक्षावरच्या कर्ण्यातून आला असणार आणि त्यात 'किटलीसमोर शिक्का मारा' असं होतं, हे मी आजही छातीठोक सांगतो. पॅनेल पडलं. मिलिंद म्हणाला, "ताल चांगला हुता. मानसं वाईट हुती." त्याला कशाचं वाईट वाटायचं नाही आणि कशाची घाई नसायची. काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू की." डॉक्टरकडं कधी जाणार? बघू की. लग्नाचं काय? बघू की. या दोन शब्दांनी मला जेवढं छळलं तेवढं कुणी छळलेलं नाही.

मग एका जत्रेत त्यानं कोडोलीच्या लोकांचा हलगीचा ताफा ऐकला. मी सोबत होतो. एरवी हलगी आम्ही जन्मापासून ऐकलेली, पण त्या दिवशी तो ताफ्याच्या मागं दोन तास चालत राहिला. परतताना म्हणाला, "इक्या, आपुन येडं हाय. परदेशातनं ढोल चोरतोय." पुढच्या आठवड्यात त्यानं हलगी विकत घेतली आणि सरळ माझ्या वर्कशॉपमध्ये आणून खिळ्याला अडकवली. घरी नेणं शक्यच नव्हतं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्याच दिवशी हलगी वाजवायचं सोडलं होतं. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या आनंदाला, उभं राहून वाजवायचं आणि उरलंसुरलं पदरात घ्यायचं... ते सोडलं म्हणून तर गुरुजी शाळेत गेले, मिलिंद कॉम्प्युटर शिकला. त्या घरात हलगीचं नावही निघत नसे. मिलिंदला हे सगळं मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच की, आता ती आपल्या दारात वाजवू, आपल्याच शब्दांना. मी म्हणायचो, मग हे गुरुजींना सांग. तो म्हणायचा, "सांगून न्हाय, ऐकवून. आन् आण्णांना ऐकवायचं तर त्यात एकबी खोट नको."

झालं. त्या एका वाक्यानं आमची आठ वर्षं खाल्ली. आमच्याकडं सोमवारी कारखान्यांना सुट्टी. यंत्रं बंद झाली की तो दुपारी कॉम्प्युटर, माइक आणि गोधड्या घेऊन यायचा. गोधड्या भिंतींना टांगायच्या, म्हणजे आवाज घुमत नाही. दाराबाहेर उसाचं पाचट पेटवायचं, हलगी त्यावर धरून कातडं ताणून घ्यायचं, बोट मारून सूर बघायचा आणि आत पळत येऊन वाजवायला सुरुवात करायची. दोन मिनिटं असा काही आवाज लागायचा की अंगावर काटा यायचा. तिसऱ्या मिनिटाला कातडं गार होऊ लागायचं, आणि सूर हळूच खाली. हलगीची जी गंमत, तेच तिचं दुखणं. बाकीची वाद्यं कॉम्प्युटरमधली, ती जागची हलत नाहीत. त्यामुळं गाण्याच्या शेवटी हलगी एकीकडं आणि सूर दुसरीकडं.

माझ्यासारख्याला ते कळायचंही नाही. मी म्हणायचो, ऐकणाऱ्यांत शंभरातल्या नव्व्याण्णवांना कळणार नाही. त्याचं डोकं त्या शंभराव्यात अडकलेलं. दोन सेकंदांचा चांगला तुकडा घे आणि जोडत जा, लहानपणी केलंस तसं, असं मी सुचवलं तर म्हणाला, "हलगी कापून वाजत न्हाय." मधे थांब, पुन्हा तापव, पुढचं वाजव, म्हटलं तर, "हलगी तापती की, पन तवर हात गार हुतो." बाजारात फायबरची हलगी आली, ती तापवावी लागत नाही. तिला तो डबा म्हणाला. त्यानं दोनशे वॅटचा दिवा लावून बघितला, हिटर लावला, एकदा तर इस्त्रीसुद्धा आणली. कातडं फुटलं. कोडोलीच्या लोकांना जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं, ताफ्यात दहा जणं असतात, एकाची उतरली तर नऊ जणं सावरतात, आम्हाला कशाला कळतंय. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीतल्या माणसाला आमच्या नऊ गाण्यांतली दोन कुणीतरी ऐकवली होती. त्यानं सगळी नऊ मागितली, दोनदा फोन केला. मिलिंद त्याला म्हणाला, बघू की. तिसरा फोन आला नाही. पुढं पुण्यातल्या कुणा पोरांची गाणी आली आणि पेपरात छापून आलं की मराठीत असं पहिल्यांदाच घडतंय. तो पेपर घेऊन मी त्याच्याकडं गेलो. त्यानं तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "चांगलं केलंय पोरांनी." मला त्या शांतपणाचा एवढा संताप आला की बोलता सोय नाही. माझी तिशी उलटली होती, दोन पोरं झाली होती, आवाजातला तो कोवळा राग जात चालला होता. त्या नऊ गाण्यांत माझं तरुणपण अडकलं होतं आणि किल्ली ह्याच्या खिशात.

शेवटच्या सोमवारी मी बोललोच. "मिल्या, एक तर गाणी बाहेर काढ, न्हायतर माझा आवाज पुसून टाक. तुझ्या आण्णांच्या भीतीपायी माझं वाटोळं नको." तो खाली बसून वायर गुंडाळत होता. वर बघून म्हणाला, "भीती न्हाय रं..." आणि पुन्हा वायर गुंडाळू लागला. जाताना दारात थांबला. मला वाटलं, आता तरी काही सांगेल. म्हणाला, "बघू की." डोळे तेव्हाच पिवळे दिसत होते का, हे मी आता आठवून आठवून बघतो. मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी गुरुजींनी बोलावणं धाडलं. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर तसाच होता, वर टॉवेल झाकलेला. त्याची खोली आणि गुरुजी बसतात ती बाहेरची खोली यांच्यात नुसता एक पडदा आहे, आवाज अडवेल असं काही नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खटकलं. गुरुजी म्हणाले, "दर सोमवारी तुझ्याकडे येऊन तो काय करत असे, ते मला दाखव." मला मिलिंदचा राग होता, यांचाही होता. काय व्हायचं ते होऊ दे म्हणून मी कॉम्प्युटर सुरू केला. आधी भीती होती की त्यानं माझा आवाज खरंच पुसला असेल. नव्हता पुसला. नऊच्या नऊ गाणी होती. मी पहिलं लावलं.

हलगी सुरू झाली तशी गुरुजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. थोड्या वेळानं त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलू लागली, अगदी बारीक. तिसऱ्या मिनिटाला ती थांबली. गुरुजी म्हणाले, "उतरली." मी म्हटलं, काय? आणि मग ज्या माणसाला मी तीस वर्षांत पुस्तकी मराठीशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "हलगी उतरली की. दुसरी कुठं हाय?" मला कळेना. ते चिडून सांगू लागले. त्यांचे वडील एकटे वाजवायचे, ताफा नसायचा. म्हणून दोन हलग्या. एक वाजतेय तोवर दुसरी जाळावर, आणि ती धरून बसायचं काम लहानपणी गुरुजींचं. पहिली उतरायच्या आत दुसरी हातात द्यायची, ताल न मोडता. देता देता एका टिपरूवर, म्हणजे एकाच काडीवर, ताल चालू ठेवायचा. "एवढं कळंना व्हय त्येला?"

माझा बांध फुटला. म्हणालो, "गुरुजी, कसं कळणार? आठ वर्षं त्यानं त्या एका गोष्टीपायी घालवली. सगळ्या जगाला विचारलं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." गुरुजी पडद्याकडं बघत राहिले. "मग इचारलं का न्हाय त्यानं..." एवढं म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं असावं. पुन्हा नेहमीच्या भाषेत म्हणाले, "तो पाच वर्षांचा होता. ताटावर चमच्यानं वाजवत होता. मी त्याच्या हातावर पट्टी मारली होती." आणि मग, "इकबाल, आमच्या घरानं वाजवणं सोडलं ते बरोबरच केलं. पण मी हलगी ऐकणं सोडलं नव्हतं. हे त्याला सांगायचं राहिलं." गाण्यांचं काय करू, असं मी विचारलं. म्हणाले, आहेत तशीच बाहेर काढ, उतरलेलीच.

गेल्या सोमवारी ते न सांगता वर्कशॉपवर आले. मिलिंदची हलगी खिळ्यालाच होती, मी काढली नव्हती. त्यांनी ती उतरवली, अंगठ्यानं कातडं चाचपलं आणि मला पाचट पेटवायला सांगितलं. मी पेटवलं. जाळापासून किती अंतरावर धरायची, कशी फिरवायची, कडेला आधी ऊब का द्यायची, हे वर्गात शिकवावं तसं ते सांगत होते. मिलिंद नेहमी मधोमध धरायचा. मग त्यांनी एकदाच बोट मारलं आणि कान लावला. असा चढा, स्वच्छ आवाज त्या हलगीतून आठ वर्षांत मी ऐकला नव्हता. गुरुजी म्हणाले, "हां. आता घे म्हणावं त्याला." दोघांनीही दाराकडं पाहिलं. गुरुजी वाजवणार नव्हते, मला वाजवता येत नाही. पाचट विझलं. ती गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.