अंगठ्याएवढी फिकी जागा

आमच्या काकांचा जगात दोनच गोष्टींवर राग: खिडकीतून येणारा वारा आणि माणसाची बोटं. वाऱ्याने गरम पाईप तडकतो आणि बोटांनी त्याच्यावर डाग पडतो. काका तंबाखूचे पाईप दुरुस्त करतात, तेही मीरशॉमचे. मीरशॉम हा खडूसारखा पांढरा, हलका आणि नखाने ओरखडा उठेल इतका मऊ दगड. त्यात मेण मुरवलेलं असतं. माणूस पाईप ओढत गेला की तंबाखूचा अर्क मेणाच्या वाटेने हळूहळू वर येतो आणि दुधासारखा पाईप आधी सायीच्या, मग मधाच्या आणि वीस-पंचवीस वर्षांनी जुन्या लाकडाच्या रंगाचा होतो. अट एकच. गरम असताना वाटीला, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाला, हात लावायचा नाही, दांडीलाच धरायचं. बोट लागलं की तिथलं मेण पुसलं जातं आणि तेवढी जागा फिकीच राहते.

हे सगळं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, त्याने विचारलेलं असो वा नसो. स्वतः कामाला बसले की हातात पांढरे सुती मोजे. काकू म्हणते, "लग्नाआधी पहिल्यांदा माझा हात धरला, तेव्हासुद्धा यांनी आधी खिसा चाचपला होता." काका यावर मोजे नीट करत बसतात, म्हणजे बहुधा खरं असावं.

एका मंगळवारी सकाळी एक चाळिशीचा माणूस एक जुना पाईप घेऊन आला. वडील जाऊन दोन महिने झाले होते. पाईप त्यांचा, तोंडात धरायची नळी सैल झालेली. "एवढी नळी बसवून द्या. दुपारी आई स्वतःच न्यायला येईल," म्हणाला आणि गेला.

नळीचं काम दहा मिनिटांत झालं. मग काकांनी भिंग लावलं आणि कळवळले. पंचवीस वर्षांचा असा रंग त्यांनी फार थोड्या पाईपांवर पाहिला होता, आणि वाटीच्या डाव्या अंगाला, बरोब्बर मधोमध, अंगठ्याएवढी फिकी जागा!

"बघ, बघ! धरलाय कसा मेल्याने!"

"अहो, गेलेल्या माणसाला असं म्हणू नये," काकू आतून ओरडली.

डाग काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण तो तसाच ठेवून पाईप परत द्यायचा म्हणजे काकांच्या घशाखाली घास उतरला नसता. आपल्याकडून एक भेट, असा विचार करून त्यांनी मेणाचं पातेलं मंद आचेवर ठेवलं. गरम मेण फिक्या जागेत शिरतं, आजूबाजूचा रंग त्याच्यामागे ओढला जातो आणि डागाची कड विरघळते. तारेच्या आकड्याला अडकवून पाईप त्यांनी पातेल्यात सोडला.

चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर लावला.

"काका, आई निघालीये. पोचेलच. आणि एक सांगायचं राहिलं. त्या अंगठ्याच्या डागाला काही करू नका हं. बाबा रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून पाईप तसाच धरायचे. आता ती त्या जागेवर आपला अंगठा ठेवून बसते."

काकांनी फोन ठेवलादेखील नाही. आकडा ओढला. पाईप बाहेर आला तो ओला, काळपट, चकाकता. डाग आहे की गेला, काहीच दिसेना. मेण गार झाल्याशिवाय रंग आपली जागा धरत नाही, आणि तोवर काहीही करायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. काकांनी पाईप टांगला, खिडकी लावली आणि समोर उभे राहिले. कपाळावरून घाम गळत होता, तोही पाईपावर पडू नये म्हणून दोन पावलं मागे.

काकू हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकलेलंच होतं.

"गरम आहे ना अजून? मग टेकवा तुमचा अंगठा. तीस वर्षं लोकांना ओरडताय, असा डाग पडतो म्हणून. आज पाडा की!"

काकांनी उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठा वाटीपासून बोटभर अंतरावर नेला. जिन्यावर काठीचा आवाज येत होता, एकेक पायरी.

"पण ती रोज माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवून बसेल," काका म्हणाले आणि त्यांनी मोजा परत चढवला.

बाई आत आल्या, टांगलेल्या पाईपाकडे पाहिलं. "हा आमचाच?"

"तुमचाच. डाग काढायचा म्हणून मेणात घातला. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल."

बाईंनी हात पुढे केला.

"हात नको! गरम आहे!" काका सवयीने खेकसले, आणि मग मान खाली घातली.

बाई स्टूल ओढून पाईपासमोर बसल्या. काकूने पाणी दिलं, ते घेतलं नाही. पाऊण तास गेला. हळूहळू काळेपणा उतरला, जुन्या लाकडाचा रंग वर आला आणि त्यात खालच्या बाजूने एक फिकी कोर दिसू लागली. ती वाढेल म्हणून काका वाट बघत होते. ती अर्ध्यावर थांबली.

बाईंनी अंगठा ठेवून पाहिला.

"वरची बाजू गेली."

"गेली."

"परत येईल?"

"नाही."

"मग अंगठ्याचं टोक कुठं टेकायचं ते मलाच लक्षात ठेवायला हवं," बाई म्हणाल्या. पाईप रुमालात गुंडाळला आणि काठी टेकत निघून गेल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत.

आता दुकानात कोणताही पाईप आला, की काका आधी भिंग लावतात आणि प्रत्येक डागावर काडी टेकवून विचारतात, "हा कोणाचा?"

"माझाच असेल हो! काढून टाका की," गिऱ्हाईक हसतं.

"घरी विचारून या," काका म्हणतात आणि पाईप परत हातात देतात.