हॉलंडच्या गल्लीतली रेघ

आमच्या नेपियर टाउनच्या घरात, बैठकीत एक जुनं चित्र आहे. हॉलंडमधल्या कुठल्याशा गावाची गल्ली, टाक-शाईनं काढलेली. उंच, चिंचोळी घरं, पायऱ्या-पायऱ्यांचे माथे, आणि माणूस एकही नाही. बाबांनी निवृत्तीनंतर ते सराफ्यातल्या एका फ्रेमवाल्याकडून आणलं. "हॉलंड का है, बहुत पुराना," एवढंच तो बोलला म्हणे.

बाबांनी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. शाईची रेघ चुकली की ते ब्लेडनं ती इतकी अलगद खरवडत, की कागदावर डागसुद्धा राहत नसे. या चित्रापुढे मात्र ते हात जोडायचेच बाकी ठेवत. हे काढणाऱ्या माणसानं कुठं ब्लेड लावलंच नाही, असं येईल त्याला सांगत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलाय हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे त्यांचा हात थरथर कापायला लागला. बाबांनी टाकाची पेटी माळ्यावर टाकली ती टाकलीच. शाई थरथर लपवत नाही, म्हणाले. मी समजावलं, भांडले, अबोला धरला. काही उपयोग नाही. हळूहळू बोलणंही आटलं. माणूस समोर बसून विझत चालला होता आणि मी नुसती चहा देत होते.

मागच्या हिवाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या आवडीचा निळा ड्रेस घातला होता. बाबा घरी आले, आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता थेट चित्राशी! असा राग आला मला. चहा गार झाला तरी नाक काचेलाच.

मग त्यांनी हाक मारली. टोकाच्या घराची कड बोटानं दाखवली. रोज मीच पुसते ती काच, पण आज पहिल्यांदा नीट पाहिलं. रेघ सरळ नव्हतीच. बारीक बारीक थरथरत माथ्यापर्यंत गेली होती. शेजारच्या घराचीही तशीच. सगळ्याच घरांची. मी दोन पावलं मागे सरले, तर अख्खी गल्ली ताठ उभी.

"याचाही हात कापून राहिला होता," बाबा म्हणाले. "अन् काढत राहिला."

मग पेटी मागितली.

खिडकीशी बसून ते समोरचा रस्ता काढू लागले. कोचिंग क्लासची पाटी, विजेच्या तारा, आडव्यातिडव्या स्कूटर. पहिलीच रेघ वाकडी गेली. मी पेटीतल्या ब्लेडकडे बघत राहिले.

बाबांनी टाक पुन्हा शाईत बुडवला.